हळद लावली कुणी, सापडली कुणाला?

फेब्रुवारी लागला की सेनगाव तालुक्यात हळदीच्या काढणीची धांदल सुरू होते. पाला कापायचा, कुदळीने गड्डे उकरायचे, माती झटकून जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची. मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश. शेवटी माल हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नाहीतर वसमतच्या बाजारात. या दिवसांत हाताला कुठे ना कुठे लागतेच. कुदळीचा घाव बोटावर बसला, तर शेतातली बाई काय करते हे वेगळे सांगायला नको. चिमूटभर हळद घावावर दाबायची, वर चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचे. हे आपण कुठे शिकलो, असा प्रश्न तिला पडत नाही.

अलीकडे मात्र याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट होते. घरातले कॉलेजात जाणारे पोर खिशातून मोबाइल काढते आणि विचारते, ‘जखमेवर हळद लावावी का?’ पापणी लवायच्या आत उत्तरांची रांग हजर होते. पाने हजारो असतात, डोळ्यांसमोर येतात पहिली आठ-दहा. ती आठ-दहा कुणी निवडली? त्यात डॉक्टरांनी लिहिलेले पान वर का आले, किंवा का आले नाही? एखाद्या क्रीमची जाहिरात सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन कशी बसली?

ही निवड करण्याच्या युक्त्यांवर पेटंट आहेत. त्या पेटंटांवरून कोट्यवधी डॉलरचे दावे लढले गेले आहेत. खुद्द हळदीवरच्या पेटंटचा वाद तर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हे दोन विषय वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे वाटतात. पण खटल्यांचे कागद चाळले, तर दोन्हीकडे निकाल एकाच प्रश्नावर लागलेला दिसतो. ‘हे आधी कुणाला माहीत होते का? असेल तर कुठे लिहिले आहे, दाखवा.’

निशा म्हणजे हळद की मुलगी?

शोधयंत्र, म्हणजे सर्च इंजिन, काम कसे करते ते आधी थोडक्यात पाहू. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर आला हे सांगणारी. शोधयंत्र इंटरनेटवरच्या पानांची अशीच एक प्रचंड सूची आधीच करून ठेवते. आपण शब्द टाकला की ते सगळे इंटरनेट धुंडाळत नाही, ही सूची उघडते.

मराठीत इथेच पहिली अडचण येते. ‘हळद’ हा शब्द वाक्यात बसला की हळदीचा, हळदीने, हळदीला, हळदीतले अशी रूपे घेतो. ‘जखम’ची जखमेवर होते, ‘पाऊस’चा पावसात होतो. नुसती अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ हे वेगवेगळे शब्द वाटतात. म्हणून शब्दाचे मूळ रूप ओळखणारी, समानार्थी शब्द जोडणारी सामग्री भाषेगणिक तयार करावी लागते. मुंबईच्या आयआयटीत मराठीचे ‘वर्डनेट’ म्हणजे शब्दांच्या नात्यांचे जाळे तयार झाले ते यासाठीच. हळदीला संस्कृतात हरिद्रा म्हणतात, रजनी म्हणतात, कांचनी आणि निशाही म्हणतात. ‘निशा’ असे टाकल्यावर मसाल्याची हळद हवी, रात्र हवी की वर्गातली निशा, हे यंत्राने कसे ओळखायचे? हळद आणि निशा यांची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी अडचण क्रमाची. शब्द तर लाखभर पानांत सापडला, मग वर कोणते ठेवायचे? १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक यंत्रे शब्द किती वेळा आला, शीर्षकात आला का, एवढेच पाहत. त्यामुळे पानभर ‘हळद हळद हळद’ लिहून ठेवणारा वर जाई. मग काही जणांच्या डोक्यात जवळजवळ एकाच वेळी एक कल्पना आली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवतात यावरून त्याचे वजन ठरवायचे. शास्त्रज्ञांच्या जगात ही पद्धत जुनीच. ज्या निबंधाचा दाखला अनेक जण देतात, तो महत्त्वाचा.

पुढे चीनमधल्या ‘बायडू’चे संस्थापक झालेले रॉबिन ली त्या वेळी अमेरिकेत होते. त्यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये या धर्तीच्या पद्धतीचा पेटंट अर्ज केला. पुढच्याच महिन्यात जॉन क्लाइनबर्ग यांच्या पद्धतीचा अर्ज आयबीएम कंपनीकडून दाखल झाला. जानेवारी १९९८ मध्ये लॅरी पेज यांचा ‘पेजरँक’चा अर्ज आला. तिघांनाही पेटंट मिळाले, कारण तिघांच्या आकडेमोडीत फरक होता. कल्पना एकाच झाडाची, फांद्या वेगळ्या. पेज यांचे पेटंट त्यांच्या नव्हे, तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मालकीचे होते. ते वापरू देण्याच्या बदल्यात विद्यापीठाला गूगलचे सुमारे १८ लाख शेअर मिळाले आणि २००५ पर्यंत ते विकून विद्यापीठाने ३३ कोटी ६० लाख डॉलर कमावले. आपल्या विद्यापीठांच्या कुलगुरूंनी हा आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही.

कोर्टात गेलेल्या युक्त्या

क्रमाच्या पेटंटवरून फारशी मारामारी झाली नाही. भांडणे पेटली ती पैसा जिथे होता तिथे, म्हणजे जाहिरातींवर. शोधशब्दासाठी बोली लावायची आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात वर दाखवायची, ही पद्धत ‘ओव्हरचर’ या कंपनीने आधी आणली. हिंगोलीच्या यार्डात हळदीचा लिलाव पाहिलेल्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. तिचे पेटंट जुलै २००१ मध्ये मिळाले. एप्रिल २००२ मध्ये ओव्हरचरने गूगलवर दावा लावला. पुढे याहूने ओव्हरचर विकत घेतली आणि गूगल शेअर बाजारात उतरण्याच्या तोंडावर, ऑगस्ट २००४ मध्ये, तडजोड झाली. याहूला गूगलचे २७ लाख शेअर मिळाले. ती कल्पना खरोखर नवी होती का, यावर अंतिम निकाल लागलाच नाही.

निकालापर्यंत गेलेला वाद पाहायचा तर ‘लायकॉस’च्या पेटंटांचा पाहावा. लायकॉस हे एके काळचे मोठे शोधयंत्र. तिथल्या अँड्र्यू लँग आणि डोनाल्ड कोसाक यांनी १९९८ मध्ये निकाल गाळून घेण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात दोन चाळण्या एकत्र केल्या होत्या. समजा, तुम्ही ‘हळद जखम’ असे टाकले. पहिली चाळणी पानावरचा मजकूर पाहते, त्यात हळदीचे आणि जखमेचे खरोखर काही आहे का? दुसरी चाळणी माणसांकडे पाहते. तुमच्याआधी ज्यांनी हेच विचारले, त्यांनी कोणत्या पानावर बोट ठेवले? दोन्हींतून उरेल ते तुमच्यासमोर.

लायकॉस मावळले, पेटंट मात्र उरले. कंपनी बुडाली तरी तिचे पेटंट जमिनीच्या सातबाऱ्यासारखे विकता येते. ‘आय/पी इंजिन’ या कंपनीने ते विकत घेतले आणि सप्टेंबर २०११ मध्ये गूगलसह काही कंपन्यांवर दावा ठोकला. पुढे ती ‘व्रिंगो’ या कंपनीत विलीन झाली. म्हणणे असे, की गूगल जाहिराती निवडताना याच दोन चाळण्या वापरते. नोव्हेंबर २०१२ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने ते मान्य केले. सुमारे ३ कोटी डॉलरची भरपाई ठरली, वर पुढच्या उत्पन्नातही हिस्सा.

ऑगस्ट २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल उलटवला, तोही दोन विरुद्ध एक अशा मताने. कारण? बचाव पक्षाने दोन जुनी पेटंट शोधून काढली होती. एक क्युलिस यांचे, दुसरे बोमन आणि सहकाऱ्यांचे. लोकांनी आधी काय निवडले यावरून पानांना गुण द्यायचे आणि मजकुराशीही ताडून पाहायचे, हे त्यांत आलेले होते. दोन माहीत असलेल्या चाळण्या एकावर एक ठेवणे हे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगे आहे, म्हणून पेटंट अवैध, असे बहुमताने ठरवले. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

शोधयंत्राच्या पेटंटचा खटला अशा प्रकारे जुने कागद शोधूनच बुडाला.

एकाच कलमातली दोन पोटकलमे

आपल्याकडे असा दावा उभा तरी राहिला असता का? भारतीय पेटंट कायदा १९७० चा. त्यातल्या तिसऱ्या कलमात ‘शोध’ म्हणून काय धरायचे नाही, याची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने तिच्यात इतर काही बाबींबरोबर दोन पोटकलमे आली. एक सांगते, की गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक आज्ञावली किंवा अल्गोरिदम यांना पेटंट नाही. दुसरे सांगते, की जे मुळात पारंपरिक ज्ञान आहे, किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांचे माहीत असलेले गुण जे नुसते एकत्र करते, त्यालाही पेटंट नाही. पेजरँकची आकडेमोड आणि आजीचा हळदीचा लेप, दोघांना एकाच कलमाने दाराबाहेर ठेवले आहे. कायद्याच्या पुस्तकात अशी शेजारधर्माची गंमत फार वेळा पाहायला मिळत नाही.

अर्थात दार पूर्ण बंद नाही. ट्युनिशियाच्या फरीद अलानी यांनी इंटरनेटवरची माहिती आणि सेवा गाठण्याच्या पद्धतीसाठी २००२ मध्ये भारतात अर्ज केला. पेटंट कार्यालयाने तो नाकारला. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्यात ‘निव्वळ’ संगणक आज्ञावली असे म्हटले आहे. त्यामुळे आज्ञावलीने काही तांत्रिक परिणाम साधला असेल, तर अर्जाचा विचार व्हायला हवा. २०२० मध्ये अपील मंडळाचा निकाल अलानींच्या बाजूने लागला. पण पेटंटची मुदत २० वर्षांची आणि ती अर्जाच्या दिवसापासून मोजतात. तोवर जवळपास सगळी मुदत भांडण्यातच सरली होती.

हळदीचा शोध, म्हणजे कागदाचा शोध

आता हळदीकडे. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट दिले. विषय, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. संशोधक मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातले सुमन दास आणि हरिहर कोहली, दोघेही भारतीय वंशाचे. हळद भारतात पूर्वापार औषध म्हणून वापरतात, हे त्यांनी अर्जातच लिहिले होते. तरीही पेटंट मिळाले.

हे कसे झाले? ‘अमेरिकेने आपली हळद चोरली’ असे म्हणून मोकळे होता येते आणि त्या काळात बरेच जण झालेही. पण नेमके कारण कायद्यात होते. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट केवळ वापरात होती, लोकांना तोंडी माहीत होती, हे पुरेसे नव्हते. ती छापून आलेली असली पाहिजे किंवा तिच्यावर आधीचे पेटंट असले पाहिजे. सेनगावातल्या प्रत्येक घरात रोज हळद लावली जात असती, तरी वॉशिंग्टनमधल्या परीक्षकाच्या टेबलावर तो पुरावा शून्य. हा नियम २०११ च्या कायद्याने बदलला आणि २०१३ पासून जगात कुठेही झालेला सार्वजनिक वापर धरला जाऊ लागला.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. मूळचे गोव्यातल्या माशेल गावचे, त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये या पेटंटची पुन्हा तपासणी करावी असा अर्ज केला. ‘हळदीघाटी’ म्हणून गाजलेली लढाई ती हीच. पण तिच्यातले शस्त्र भाषणांचे नव्हते, ग्रंथालयाचे होते. परिषदेच्या माणसांनी संस्कृत, उर्दू आणि हिंदीतले ग्रंथ, लेख धुंडाळून ३२ संदर्भ गोळा केले. काही शंभर वर्षांहून जुने. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला एक निबंधही त्यांत होता.

पेटंटधारकांचा एक बचाव वाचताना हसू येते. जुन्या ग्रंथांत लेप सांगितला आहे, आम्ही पूड म्हणतो, दोन्हींचे गुणधर्म वेगळे, असा तो होता. परीक्षकाला तो पटला नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये दावे फेटाळले गेले.

इथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली, ते पेटंट टिकले असते तरी सेनगावच्या बाईला बोटाला हळद लावायला कुणी अडवू शकले नसते. पेटंट ज्या देशाचे, त्या देशापुरते. दुसरी गोष्ट आरोग्याची आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. पेटंट रद्द झाले ते ‘हे नवे नाही’ म्हणून. ‘हळदीने जखम नक्की बरी होते’ असा निवाडा त्यात कुणी दिलेला नाही. पेटंट कार्यालय औषधाची परीक्षा घेत नाही, नवेपणाची घेते.

औषध म्हणून हळदीचे काय? तिच्यातले सर्वाधिक अभ्यासलेले द्रव्य कर्क्युमिन, हळदीत त्याचे प्रमाण थोडके टक्के. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त एक मोठा आढावा आला. कर्क्युमिनवर माणसांमध्ये १२० हून अधिक चाचण्या झाल्या, पण काटेकोर तुलना करणाऱ्या एकाही चाचणीत ठोस यश दिसले नाही, असे त्यात म्हटले आहे. हे द्रव्य शरीरात टिकत नाही, नीट शोषले जात नाही. शिवाय प्रयोगशाळेतल्या अनेक तपासण्यांत ते ‘परिणाम झाला’ असा चकवाही देते. याचा अर्थ हळद निरुपयोगी असा नाही. पण कुदळीचा, मातीचा घाव असेल, तर जखम स्वच्छ पाण्याने धुणे आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन धनुर्वाताची सुई घेणे हे हळदीच्या आधी येते. मधुमेह्याच्या पायाला जखम झाली असेल, तर हळद लावून आठ दिवस वाट पाहणे पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. मोबाइलवर पहिल्या क्रमांकाला आलेल्या पानात हे लिहिलेले असेलच असे नाही. ते पान वर आले ते बहुधा अनेकांनी त्यावर बोट ठेवले म्हणून. अनेकांनी बोट ठेवले म्हणजे ते खरे, असे कोणतीही चाळणी सांगत नाही.

परीक्षकासाठी बांधलेले शोधयंत्र

हळदीच्या खटल्यातून एक गोष्ट उघड झाली. प्रत्येक पेटंटमागे धावत जाऊन ३२ संदर्भ गोळा करणे शक्य नाही. संदर्भ परीक्षकाला स्वतःलाच सापडले पाहिजेत. म्युनिकमधल्या परीक्षकाला संस्कृत येत नाही आणि हरिद्रा, निशा, कांचनी ही सगळी एकाच वनस्पतीची नावे आहेत, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून २००१ मध्ये सीएसआयआर आणि भारतीय वैद्यक पद्धतींचा विभाग (आताचे आयुष मंत्रालय) यांनी पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारायला घेतले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतले योग एकेक करून संकेतांकात बसवले. कोणती वनस्पती, कोणता भाग, कसा तयार करायचा, कोणत्या विकारावर. हळदीची संस्कृत, फारसी, तमिळ नावे एका शास्त्रीय नावाला बांधली. त्यावरून नोंद इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी अशा पाच भाषांत आपोआप वाचता येते. आज त्यात चार लाखांहून अधिक योग आहेत. वर्गीकरणाचाही प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात औषधी वनस्पतींसाठी आधी जेमतेम एक कप्पा होता. भारताने मांडलेल्या वर्गीकरणाच्या आधारावर चर्चा होऊन तिथे सुमारे दोनशे कप्पे झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपीय आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाला हे ग्रंथालय वापरता येऊ लागले.

माझ्या मते हळदीच्या खटल्यातल्या विजयापेक्षा हे काम मोठे आहे. ते संथ आहे, कंटाळवाणे आहे, त्यावर मिरवणुका निघत नाहीत. पण शोधयंत्र म्हणजे नेमके हेच. निशा म्हणजे हळद, हे एकदा कुणीतरी बसून लिहावे लागते.

मात्र या ग्रंथालयाला एक मोठी मर्यादा आहे. त्यात ग्रंथांतले आले, शेतातले आले नाही. शेतातल्या ज्ञानाचे काय होते, हे कडुनिंबाच्या खटल्यात दिसले. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि ‘डब्ल्यू. आर. ग्रेस’ कंपनी यांना युरोपीय पेटंट मिळाले होते. वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातल्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याला आव्हान दिले. एका भारतीय उद्योजकाची साक्ष तिथे महत्त्वाची ठरली. १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर असेच द्रव्य वापरून पाहिले होते, हे त्यातून पुढे आले. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले, अपिलाचा निकाल लागायला मार्च २००५ उजाडला. आपल्याच दोन जिल्ह्यांतले शेतांवरचे प्रयोग म्युनिकला कळायला माणसाला विमानात बसून जावे लागले. कोणत्याही शोधयंत्रात ते सापडले नसते.

मग सेनगावच्या तांड्यावर, वाडीवर, कुणा म्हातारीला माहीत असलेला पाला कुठे नोंदवायचा? त्याची एक जागा कायद्याने ठरवून दिली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ही कल्पना. गावातली झाडे, बियाणी, जनावरे आणि त्यांच्याबद्दल गावाला असलेली माहिती, सगळे तीत यायला हवे. महाराष्ट्रात या कामाची देखरेख करणारे मंडळ नागपूरला आहे. किती गावांतली नोंदवही म्हातारीला विचारून लिहिली आणि किती गावांतली शेजारच्या गावाची उतरवून काढली, हे ज्याने त्याने आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन पाहावे. वही मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

नोंद करण्यातही पेच आहेच. जगजाहीर केले तर त्यावर पेटंट कुणाला मिळणार नाही. पण मग ते फुकट वापरायला कंपन्या मोकळ्या, आणि म्हातारीच्या पदरात काही पडत नाही. लपवून ठेवले, तर उद्या कुणी ‘नवे’ म्हणून पेटंट मागेल, तेव्हा ते नवे नाही हे दाखवायला कागद नसेल. दिल्लीतले ते डिजिटल ग्रंथालयही याच पेचामुळे वर्षानुवर्षे फक्त पेटंट कार्यालयांनाच उघडे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते शुल्क आकारून टप्प्याटप्प्याने इतरांनाही खुले करायला मान्यता दिली. तेव्हाही यातला पैसा ज्यांचे ज्ञान त्यांच्यापर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न उरलाच. गावाने काय करावे याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. पण आधी लिहून ठेवावे आणि कुणाला दाखवायचे ते मग ठरवावे, एवढे तरी करता येते. न लिहिलेल्या गोष्टीबद्दल काही ठरवण्याची वेळच येत नाही.

ज्या वाचकांना स्वतः शोधून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘इनपास’ नावाची मोफत शोधसोय आहे. भारतात कुणी हळदीवर काय काय मागितले आहे, ते तिथे पाहता येते. शोध इंग्रजीत करावा लागतो. पेटंटचे तपशील भारतात इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावे लागतात, मराठीत चालत नाहीत. अमेरिकेचे ते ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंटही मोबाइलवर उघडता येते. अर्ज शब्दशः जागेवर आहे, हळद भारतात पूर्वापार वापरतात हे वाक्यसुद्धा. त्यालाच जोडलेले एप्रिल १९९८ चे पुनर्तपासणीचे प्रमाणपत्र आहे. त्यात सहाही दावे रद्द, एवढीच नोंद आहे.